तेल सोडा, गॅस धरा : परीक्षकांचे मनोगत

'तेल सोडा, गॅस धरा' या विषयावरची आंतर-सोसायटी वक्तृत्व स्पर्धा नुकतीच उत्साहात पार पडली. स्पर्धा माणसांची नव्हती. माणूस मत बदलत नाही, फक्त आवाज चढवतो, त्यामुळे त्याला गुण देणं अवघड जातं. म्हणून यंदा युक्तिवादांनीच व्यासपीठावर यावं आणि त्यांच्यात पटवण्याची ताकद किती, ते परीक्षकांनी दहापैकी मोजावं, असं ठरलं. निकालावर पालकवर्ग नाराज असल्याचं कानावर आलं, म्हणून हा खुलासा.

पहिले वक्ते बचतराव. "पेट्रोलवर गाडी लिटरला अठरा देते, सीएनजीवर किलोला सव्वीस!" या वाक्यावर त्यांनी टाळ्या घेतल्या. एकीकडे लिटर आणि दुसरीकडे किलो आहे, हे सभागृहात कुणाच्या लक्षात आलं नाही. पेट्रोलचं एक लिटर वजनाला पाऊण किलोच्या आसपास भरतं. भाजीवाल्याने असं माप लावलं असतं तर याच श्रोत्यांनी मंडई डोक्यावर घेतली असती. तरीही किलोमीटरमागचा खर्च सीएनजीत कमी येतो, हे खरं आहे. परीक्षकांची अडचण पुढे आहे. किलोमीटरला अडीच रुपये वाचतात असं धरा, आणि सीएनजी गाडीसाठी नव्वद हजार जास्त मोजले असं धरा. ते वसूल व्हायला छत्तीस हजार किलोमीटर लागतात. दिवसाला शंभर किलोमीटर धावणाऱ्या रिक्षावाल्याचे पैसे वर्षभरात सुटतात. रविवारी मंडई आणि चतुर्थीला गणपती एवढाच प्रवास असलेल्या चेअरमनसाहेबांची वसुली नातवाच्या काळात होईल. युक्तिवाद एकच, पण रिक्षावाल्याकडे दहापैकी नऊ, चेअरमनसाहेबांकडे दोन. टाळ्या मात्र चेअरमनसाहेबांच्याच जोरात होत्या.

नंतर पर्यावरणताई आल्या. तेवढ्याच उष्णतेसाठी तेलापेक्षा गॅस जाळला तर कार्बन डायऑक्साइड साधारण पाव हिश्श्याने कमी निघतो आणि डिझेलची काजळी जवळपास गायब होते, हे त्यांनी मुद्देसूद सांगितलं. पहिल्या रांगेतल्या छातीच्या डॉक्टरांनी मान डोलावली. मग एका आगाऊ मुलाने विचारलं, "जळला तो गॅस ठीक, गळला त्याचं काय?" हा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. विहिरीपासून शेगडीपर्यंत तो कुठेही न जळता निसटला, तर वीस वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून जास्त उष्णता अडवतो. ताईंनी घंटेकडे बघितलं. वेळ संपली होती. गल्लीच्या हवेसाठी आठ गुण, पृथ्वीच्या हवेसाठी पाच.

तिसरे देशाभिमानदादा. "आखाती तेलाच्या ओंजळीने किती दिवस पाणी पिणार?" अशी दणदणीत सुरुवात. पण आपल्याला लागतो त्यातला जवळपास निम्मा गॅससुद्धा बाहेरून येतो. त्यातला मोठा वाटा कतारचा, आणि कतारची जहाजं ज्या होर्मुझच्या सामुद्रधुनीतून निघतात तिथूनच आखाती तेलही निघतं. बरं, घरच्या गॅसचं तरी काय? ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतल्या गॅसचा भाव एप्रिल 2023 पासून आपण आयात करतो त्या खनिज तेलाच्या भावाच्या 10 टक्के ठरला, वर सुरुवातीला साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा. म्हणजे तेलाच्या तावडीतून सोडवायला जो आला, त्याचा भाव तेलच ठरवणार! देशाच्या ऊर्जेत गॅसचा वाटा सहा टक्क्यांच्या घरात आहे आणि 2030 पर्यंत तो 15 वर न्यायचं सरकारचं उद्दिष्ट आहे. दादांनी यातला 15 चा आकडा तीनदा सांगितला, सहाचा एकदाही नाही. आवाजाला नऊ, आशयाला तीन.

कोकणातून खास पाहुणे म्हणून दाभोळकरबुवा आले होते. त्यांचं भाषण 1999 पासून चालू आहे आणि अजून प्रस्तावनेतच आहे. तेव्हा एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा 740 मेगावॉटचा पहिला टप्पा नॅफ्थावर सुरू झाला, म्हणजे तेलाच्याच लेकरावर. "सध्या नॅफ्था, लवकरच गॅस" हे आश्वासन होतं. महागड्या विजेपायी 2001 मध्ये एन्रॉनचा प्रकल्पच बंद पडला. पुढे सरकारी कंपनी आली, गॅसही आला. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातलं उत्पादन घटलं आणि 2013 मध्ये जनित्रं पुन्हा गप्प बसली. त्याच 2013 च्या जानेवारीत शेजारीच परदेशी गॅस उतरवून घ्यायचं टर्मिनल सुरू झालं. पण लाटा अडवणारा बांध अपुरा होता, त्यामुळे पावसाळा लागला की जहाजांना सुट्टी असायची. यंत्र होतं तेव्हा गॅस नाही, धक्का झाला तेव्हा बांध नाही. गॅस चांगला की वाईट, हा प्रश्न इथे उद्भवलाच नाही. तो पोचतो का, एवढाच होता. बुवांना उत्तेजनार्थ.

शेवटचे वक्ते न्यायालयसाहेब. ते पटवायला आलेच नव्हते. दिल्लीतल्या सगळ्या बस 31 मार्च 2001 पर्यंत सीएनजीवर आणा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये सांगितलं. तारीख आली, गेली, डिझेलच्या बस तशाच. मधल्या काळात डॉ. रघुनाथ माशेलकर समितीचा मुद्दा होता, की सरकारने धुराची मर्यादा ठरवावी, ती कोणत्या इंधनाने गाठायची ते ठरवू नये. परीक्षकांच्या मते संपूर्ण स्पर्धेतला हा सर्वांत विचारी युक्तिवाद, आणि अर्थातच तो हरला. एप्रिल 2002 मध्ये न्यायालयाने डिझेलच्या बसना रोज पाचशे रुपये दंड लावला, महिन्यानंतर रोज हजार. ते वर्ष सरेपर्यंत मंडळींना सीएनजीचे फायदे आपोआप दिसू लागले. या वक्त्यांना गुण दिले नाहीत. परीक्षक फक्त उभे राहिले.

मुंबईतही न्यायालयाच्या रेट्याने काळ्या-पिवळ्या टॅक्स्या गॅसवर गेल्या. हवा सुधारण्याची ही मोहीम उतारूला प्रत्यक्ष भेटायची ती दादर स्टेशनबाहेर. डिकी उघडली की आत लोखंडी टाकी ऐसपैस पहुडलेली. मग आपली बॅग टपावरच्या कॅरियरवर, त्यावर सुतळी, आणि शीवपर्यंत आपली मान खिडकीबाहेर, बॅग आहे ना ते बघायला. धोरणांच्या कागदात या मानेचा उल्लेख नाही.

श्रोत्यांच्या पसंतीचं पारितोषिक मात्र एका मूक स्पर्धकाला गेलं : रांग. संध्याकाळी सातला कुठल्याही सीएनजी पंपावर जा. नंबर आला की पोराबाळांसकट सगळ्यांनी खाली उतरायचं. आजोबांना धरून उतरवायचं, त्यांची पिशवी कुणी धरायची यावर थोडी चर्चा करायची. नळी लागते, काटा दोनशेकडे चढू लागतो आणि अर्ध्या वाटेत रेंगाळतो. "प्रेशर नाही, साहेब." चार किलोत बोळवण. तरी रांग हलत नाही, कारण रांगेतला प्रत्येक जण पुढच्याकडे बघून समाधान मानतो, की एवढे लोक उभे आहेत त्या अर्थी फायदा असणारच. आकडेवारीने पटत नाही ते पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटने पटतं.

राहता राहिला पहिला क्रमांक. गुणांची बेरीज काहीही सांगो, तो बचतरावांनाच द्यावा लागला. इतर युक्तिवाद गाडी घेतल्यावर पाहुण्यांना सांगायचे असतात, घेण्याआधी कामाला येतात ते बचतरावच. मात्र त्यांना दिलेला चषक फिरता आहे, आणि का ते सांगणं भाग आहे. 1 एप्रिल 2022 रोजी राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला. मुंबईत किलोमागे सहा रुपये उतरले. आठवडा उलटायच्या आत सात रुपये चढले, कारण जगात गॅस महाग झाला होता. बचतरावांचं भाषण तेच, शब्दही तेच, फक्त त्यातली बचत एका रात्रीत दुसऱ्या कुणाच्या खिशात गेली.

तेव्हा परीक्षकांची आयोजकांना एकच सूचना आहे. तेल की गॅस या वादात जो फरक खरोखर मन वळवतो तो किमतीचा, आणि त्या किमतीतला बराचसा भाग विहिरीत नव्हे, कराच्या तक्त्यात आणि भावाच्या सूत्रात तयार होतो. पुढच्या वर्षी इतक्या वक्त्यांना चहा-वडा देत बसण्यापेक्षा थेट अर्थखात्यालाच बोलवावं. त्यांना भाषण करायची गरज नाही. दर वाचून दाखवला तरी पुरे.