बिनखर्ची ऊब

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि लोक कूलरच्या ताट्या भिजवत दिवस काढतात. अशा गावात कॅम्पिंगचा हीटर! कारण, डिसेंबरात चिखलदऱ्याला तंबू ठोकायचा आहे आणि बॅटरी घरच्या इन्व्हर्टरची, एरवी कूलरच्या सेवेतली.

कॉइलचा १००० वॅटचा हीटर लावला, तर १२ व्होल्टवर ८० हून जास्त अँपिअर ओढतो. १५० अँपिअर-तासांची बॅटरी दीड तासही काढत नाही. म्हणून डिझेलचा घेतला. "डिझलवर चालते ना भाऊ, बॅटरी तं नावालेच हाय!"

नावालाच, पण पेटताना ग्लो प्लग काही मिनिटं आठ-दहा अँपिअर खातो. विझतानाही थंड होईपर्यंत पंखा फिरतोच. मधल्या वेळी मात्र एखाद-दोन अँपिअरवर गुण्यागोविंदाने नांदतो. मोजणारे नेमके तेव्हाच मोजतात. स्थळ पाहायला आलेल्यांसमोर सगळेच शहाणे असतात.

इथे तर मोजलं क्लॅम्प मीटरने. स्वस्तातला, फक्त एसी करंट ओळखणारा. बॅटरीच्या डीसी वायरीवर तो शून्यच दाखवणार. त्या शून्याचा फोटो आता अमरावतीपर्यंत फिरतोय आणि आणखी तिघांनी हीटर मागवलेत.