बाईंचा हिरमोड

आमच्या हिंगोलीच्या गल्लीत इतिहासाच्या एक निवृत्त बाई राहतात. पुस्तक आवडलं नाही तरी त्या ते शेवटच्या पानापर्यंत वाचतात. अर्ध्यात सोडणं म्हणजे त्यांच्या लेखी पेपर न तपासता मार्क देणं. पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर, खुणेला एसटीचं तिकीट, कानावर पेन्सिल. समासात शेरे: 'कामून?', 'पुरावा?' आणि फारच चिडल्या तर 'पालकांना भेटणे'.

परवा पुण्याच्या पुतणीनं त्यांना एक जाडजूड इंग्रजी कादंबरी धाडली. जुनी अमेरिका, तीन चेटकीण बहिणी आणि बायकांच्या मताचा हक्क! बाईंनी गच्चीवरची हळद सुनेवर सोपवली आणि बैठक मारली. वाचून झाल्यावर मला हाक आली.

"मंत्र म्हटला की कुलूप उघडतंय, तर ह्या मोर्चे कामून काढायल्यात? तिकडं १९२० ला मत मिळालं, ते काय झाडूवर बसून? आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी १८८२ ला 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिली. त्यांच्यापाशी कोणता मंत्र होता?"

"बाई, कल्पनेतली गोष्ट आहे ती," मी भीत भीत म्हणालो.

"मला चमत्काराचं वावडं नाही. औंढ्याचं देऊळ फिरलंच की नामदेवांसाठी! पण त्यांना कीर्तनातून उठवून मागं धाडलं, म्हणून फिरलं. नंदी बिचारा अजून पाठीमागंच बसलाय. ह्या कादंबरीतल्या चमत्काराला कारणच नाही!"

इथवर नुसती कुरकुर होती. खरा राग पुढं होता.

"तिकडं अमेरिकेत सेलमला १६९२ साली चेटकाच्या आरोपावरून १९ जणांना फासावर दिलं, जाळलं कुणालाच नाही. हिच्यात पानोपानी सरणं! आपल्याकडं २०१३ ला जादूटोण्याचा कायदा करावा लागला. एखादीला चेटकीण ठरवतात, तेव्हा कैकदा तिच्या वावरावर कुणाचा तरी डोळा असतो. ह्या तीन बहिणी, अन् एकीच्याही नावावर सातबारा नाही!"

पुस्तक फुकट गेलं असं मात्र नाही. भिशीच्या बायकांना बाई तीच कादंबरी सांगतात, दुरुस्त करून. थोरली चेटकीण आता सेनगावकडची विधवा आहे, झाडू फक्त अंगणापुरता उरलाय, आणि दीर बांध कोरतोय. ती कागदं घेऊन वारसाच्या फेरफारासाठी तलाठ्याकडं निघाली, तशा बायका वाती वळायच्या थांबल्या.

"मग? झाला का फेरफार?"

"कुठला होतोय! तलाठी मीटिंगला गेलता. पुढच्या भिशीला सांगते."