हे काय, इथंच!

ज्या गृहस्थाने आयुष्याची चौतीस वर्षे भूमापन खात्यात घालविली, तेहतीस फुटांच्या शंकुसाखळीचे सोळा आणे ज्याने उन्हातान्हात मोजले, ज्याच्या फलकयंत्रापुढे भाऊबंदकीने पेटलेले खातेदारसुद्धा क्षणभर निःशब्द होत, त्याने सेवानिवृत्तीनंतर सहकुटुंब प्रवासाला निघावे आणि फाट्याफाट्यावर मोटार उभी करून पानपट्टीवाल्यास ‘अहो, धावड्याची वाट कुठली?’ असे विचारावे, ही कल्पनाच मला खात्याच्या इभ्रतीस बट्टा लावणारी वाटते. आमच्या सौभाग्यवतीचे मत नेमके याच्या उलट आहे. तिच्या मते वाट ही मुळी विचारण्यासाठीच निर्माण झालेली वस्तू असून, नकाशा हा केवळ घुम्या माणसांच्या सोयीसाठी काढलेला कागद आहे. या मतभेदाची मुद्दत आमच्या विवाहाइतकीच असल्यामुळे त्याचा निकाल लागण्याची आशा दोन्ही पक्षांनी केव्हाच सोडलेली आहे. तारखा मात्र नियमित पडतात.

श्रावणातल्या एका शुक्रवारी आम्ही पुणे सोडले. नगरला एक स्नेही, छत्रपती संभाजीनगरला दुसरे, तेथून धावड्याला तिसरे, आणि मग बुलडाण्यावरून नागपूरला कन्येकडे, असा बेत होता. त्याचा तक्ता मी महिनाभर आधी तयार केला होता. मुक्काम, निर्गमनाची वेळ, अल्पोपाहार, प्रेक्षणीय स्थळे आणि शेरा असे त्याला पाच रकाने होते. पैकी शेऱ्याचा रकाना मी रिकामा ठेवला होता, तो सौभाग्यवतीने वरपासून खालपर्यंत एकाच मजकुराने भरून टाकला : ‘वाटेत विचारावे.’ चिरंजिवांनी भ्रमणध्वनीत नकाशा बोलणारी एक बाई बसवून दिली होती. परंतु मी वळण चुकलो की ती ज्या शांत, क्षमाशील स्वरात नवा मार्ग सांगे, तो स्वर मला घरच्या स्वरापेक्षाही असह्य झाल्याने शिक्रापूरच्या अलीकडेच मी तिला सेवामुक्त केले.

नगरच्या स्नेह्यांनी आम्हांला भुईकोट किल्ल्याऐवजी आपल्या गुडघ्यांची क्ष-किरणचित्रे दाखविली. संभाजीनगरच्या स्नेह्यांनी नव्या घराच्या गच्चीवर नेऊन, दोन पाण्याच्या टाक्यांमधून, मान विशिष्ट कोनात वळविली असता दिसणारा बीबी का मकबरा दाखविला. तेथून जवळच असलेल्या दौलताबादेचा विषय निघाला तेव्हा १३२७ साली अख्खी दिल्ली बरोबर घेऊन इकडे आलेल्या महंमद तुघलकाविषयी मला प्रथमच सहानुभूती वाटली. मला एक माणूस बरोबर घेऊन प्रवास करताना घाम फुटतो; त्याच्याबरोबर तर सबंध शहर होते, आणि त्यातल्या निम्म्या लोकसंख्येने निश्चितच वाटेत विचारण्याचा आग्रह धरला असणार.

खरा प्रसंग रविवारी गुदरला. सिल्लोडवरून भोकरदनला पोचलो तेव्हा दोन प्रहर टळून गेले होते. केळना नदीकाठचे हे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन, हे मी सौभाग्यवतीस सांगितले. १९३८ साली इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात हिंदुस्थानातली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली आणि पुढे तशाच घडणीची मूर्ती येथील उत्खननात मिळाली, हेही सांगितले. त्यावर क्षणभर विचार करून ती म्हणाली, “म्हणजे ती इथून निघाली आणि इटलीला पोचली. विचारत विचारतच गेली असणार.”

या आघाताचे परिमार्जन करण्यासाठी मी आसईचा दाखला काढला, आणि तेथेच माझी ग्रहदशा पालटली. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच केळनेच्या काठी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या प्रचंड फौजेसमोर जनरल वेलस्ली थोडक्या पलटणींनिशी उभा राहिला. नदी कोठे उतरावी म्हणून त्याने वाटाड्यांना विचारले. उतार नाहीच, अशी सर्वांनी एकमुखाने ग्वाही दिली. वेलस्लीने दुर्बीण लावली. त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर वसलेली दोन खेडी दिसली, आणि अशी दोन खेडी शेजारी असताना त्यांच्यात जाण्यायेण्याची वाट नसणे मनुष्यस्वभावाशी विसंगत आहे, एवढ्या एका तर्कावर त्याने सैन्य नदीत घातले. उतार निघाला. लढाई तो जिंकला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करूनही आपली खरी लढाई म्हणून तो आसईचेच नाव घेई. “तात्पर्य,” मी म्हणालो, “ज्याला जमीन वाचता येते तो वाटाड्यांवर विसंबत नाही.”

“पण आधी विचारलं होतंच ना त्यानं?” सौभाग्यवती म्हणाली.

आता सांगावयास हरकत नाही की, आसईला आम्ही पोचलोच नाही. त्या दोन खेड्यांपैकी एकाचे नाव पिंपळगाव आहे, हे माझ्या पक्के ध्यानात होते. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात जितकी आहेत तितके पिंपळ तरी असतील की नाही याची मला शंका आहे, आणि ही शंका मला भोकरदनच्या फाट्यावर न येता पुढे पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात, हिरव्या मिरचीच्या गोण्यांनी खच्चून भरलेल्या दोन टेम्पोंच्या मध्ये मोटार अडकल्यावर आली. तेथे नदीचा उतार नव्हता, तोफा नव्हत्या. होती ती मिरची. ढिगांनी, गोण्यांनी, वजनकाट्यांवर, हमालांच्या पाठीवर, जिकडे पाहावे तिकडे मिरची. या भागातले शेतकरी उन्हाळ्यात, विहिरीच्या तळाशी उरलेल्या पाण्यावर मिरची जगवितात आणि पावसाळा लागला की तोडे सुरू होतात, ही माहिती मला एका व्यापाऱ्याने मोठ्या आस्थेने दिली. दिलेली माहिती पडताळून पाहण्याचा सरकारी शिरस्ता अंगी मुरलेला असल्याने मी एक मिरची मोडून पाहिली, आणि त्यानंतर थोड्याच वेळात, विचारमग्न अवस्थेत, डोळा चोळला. वेलस्लीच्या पलटणीतील जखमींना अजिंठ्याच्या कोटात नेऊन ठेवले होते. मला एका हमालाने टेम्पोच्या फळीवर बसविले आणि सौभाग्यवतीने डोळ्यांवर पाणी मारता मारता पाच मिनिटांत सबंध बाजाराशी काका, दादा, मावशी अशी नाती जोडून धावड्याची वाट मिळविली.

वाट मिळाली, परंतु अंतर मिळाले नाही. “हे काय, इथंच,” असे पहिल्याने सांगितले. अर्ध्या तासाने भेटलेल्या दुसऱ्यानेही “हे काय, इथंच” असेच सांगितले. अंधार पडला, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वीज चमकू लागली, काळ्या मातीचा चिखल चाकांना बिलगला, आणि तिसरा म्हणाला, “हेऽऽ काय, इथंच की!” एका डोळ्याने पाहत मोटार हाकीत असता माझ्या शास्त्रीय बुद्धीस अचानक उजेड दिसला. फरक होता तो ‘हे’च्या लांबीत! ह्रस्व ‘हे’ असेल तर गाव हाकेच्या टप्प्यात समजावे. दोन मात्रांचा असेल तर कोसभर. तीन मात्रांचा असून जोडीला हनुवटी वर उचलली गेली तर एक नदी व दोन ओढे आडवे येतात. आणि चार मात्रांबरोबर हातही उंचावला तर ते गाव शेजारच्या जिल्ह्यात आहे असे खुशाल धरून चालावे. चौतीस वर्षे साखळ्या ओढून मी जे मोजले, ते हे लोक एका स्वरात मोजीत होते, आणि त्यांची मोजणी बरोबर येत होती.

धावडा हे गाव अजिंठा–बुलडाणा रस्त्यावर, जालना जिल्ह्याच्या वरच्या टोकाला आहे. माझे स्नेही तेथले. तलाठी म्हणून निवृत्त झाल्यामुळे सारा गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतो. रात्री साडेनऊला त्यांच्या ओसरीवर माझा एक डोळा लाल आणि दुसरा खजील पाहून त्यांनी कसलीही चौकशी केली नाही, फक्त म्हणाले, “पिंपळगावात उतरले होते वाटतं.” वहिनींनी वरण-बट्टीचा बेत केला होता. बट्टी चुरावी, तीवर तूप घालावे, वर वरण ओतावे, असा तिचा विधी असतो. ‘पुरे’ म्हणण्याचा अधिकार पाहुण्याकडे नसतो, असा त्या घराचा वहिवाटीने सिद्ध झालेला हक्क होता, आणि वहिवाटीपुढे भूमापन खात्याचेही काही चालत नाही. बट्टीबरोबर ठेचा आला, तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

जेवणानंतर आम्ही दोघांनी जुनी दप्तरे सोडली. मराठवाड्यातल्या जमिनींचा वाद १९५४-५५च्या खासरा पत्रकापाशी येऊन कसा थांबतो, की तेथूनच सुरू होतो, यावर आमचा तास गेला. मग त्यांनी आजोबांची हकीकत सांगितली. त्या काळी धावडा निजामाच्या मोगलाईत आणि बुलडाण्याकडचा मुलूख इंग्रजांच्या वऱ्हाडात. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. आजोबांची सासुरवाडी वऱ्हाडातली असल्याने सासऱ्याने जावयास दिलेला रुपया घरी येईतो दर्जाने वाढत असे आणि आजोबांनी मेहुण्यास दिलेला रुपया तिकडे पोचेतो घटत असे. “आजोबा म्हणायचे,” भाऊसाहेब म्हणाले, “सोयरीक करावी तर सरहद्दीपल्याड.” पुढच्या खोलीतून सौभाग्यवतीचा आणि वहिनींचा हसण्याचा आवाज येत होता. माझा डोळा हा तेथला विषय असावा.

दुसऱ्या दिवशी माझा तक्ता सपशेल उघडा पडला. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, ही गोष्ट जगजाहीर आहे. मात्र ती पाच रकान्यांपैकी एकाही रकान्यात मी नोंदलेली नव्हती. सौभाग्यवतीस ती ठाऊक होती. “मग सांगितलं का नाहीस?” मी विचारले. “तुम्ही विचारलं नाहीत,” ती म्हणाली.

भाऊसाहेबांनी तजवीज केली. आम्हांला त्यांनी दरीच्या पलीकडच्या कड्यावर नेले. समोर वाघूरने नालाच्या आकारात कोरलेला कातळ, त्याच्या माथ्यावरून पावसाच्या पाण्याच्या पांढऱ्या धारा, आणि मधोमध एका रांगेत काळ्या दारांची ती तीस लेणी, सगळी बंद आणि सगळी डोळ्यांपुढे. याच बाजूने एप्रिल १८१९मध्ये वाघाच्या शिकारीस निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या लष्करी अधिकाऱ्यास ती प्रथम दिसली, असे सांगतात. दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव व २८ एप्रिल ही तारीख कोरून ठेवली. त्या पाहुण्याची सही शाबूत आहे. सहीखालचे चित्र मात्र ओरखडले गेले. “त्याला वाट कोणी दाखवली?” सौभाग्यवतीने विचारले. एका गुराख्याच्या पोराने, अशी दंतकथा आहे. मी उत्तर दिले नाही. भाऊसाहेबांनी दिले.

परत येताना अजिंठा गावात पारोची कबर पाहिली. १८४४ साली लेण्यांतल्या चित्रांच्या प्रती करण्यासाठी मेजर रॉबर्ट गिल येथे आला आणि येथलाच होऊन राहिला. पारो ही त्याची सहचारिणी. २३ मे १८५६ ही तिच्या मृत्यूची तारीख दगडावर आहे. गिलने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक प्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. तो स्वतः १८७९ साली वारला आणि त्याची कबर भुसावळला आहे. सौभाग्यवती त्या दगडापाशी बराच वेळ उभी होती. “दिवसभर तो भिंतीवरच्या बायका बघायचा,” ती म्हणाली, “आणि ही घरी वाट.” तिचा श्रावणी सोमवार असल्याने नंतर अन्व्याच्या प्राचीन देवळात महादेवाचे दर्शन झाले. त्या देवळाच्या भिंतींवर विष्णूची रूपे आहेत आणि आत शंभू बसला आहे. वाट विचारीत आलेला भक्त थोडा गोंधळतो खरा, परंतु रिकाम्या हाताने परतत नाही.

मंगळवारी सकाळी वहिनींनी मोटारीत ज्वारी, शेवग्याच्या शेंगा आणि, मी नको नको म्हणत असता, पाच किलो मिरची ठेवली, आणि आम्ही बुलडाण्याच्या रोखाने निघालो. ऊन पडले होते. दोन्ही बाजूंना मका वाऱ्यावर डुलत होता, रस्ता सरळ होता, माझे दोन्ही डोळे शाबूत होते, आणि सौभाग्यवती चक्क गप्प होती. अशा वेळी मागून आलेल्या एका मोटारसायकलवाल्याने बरोबरीला येऊन, गती कमी करून विचारले, “काका, धावडा किती राह्यलं?”

चौतीस वर्षांत प्रथमच मला कोणी वाट विचारीत होते. कंठ दाटून आला. मी हनुवटी वर उचलली, पुढे बोट केले आणि नेमक्या तीन मात्रांत म्हणालो, “हेऽऽ काय, इथंच!”

तो आभार मानून वेगाने पुढे गेला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग सौभाग्यवती म्हणाली, “अहो, धावडा मागं राह्यला.”

त्यास गाठण्यासाठी आम्हांला पुष्कळ अंतर मोटार पिटाळावी लागली, आणि गाठल्यावर, त्याचा आता कोणाच्याच सांगण्यावर विश्वास उरला नसल्याने, त्याच्या पुढे राहून त्यास धावड्यापर्यंत पोचवावे लागले. भाऊसाहेब ओसरीवर बसले होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मोटारसायकलवाल्याकडे पाहिले, आणि आत वळून हाक दिली, “अहो, तीन ताटं वाढा.”

“वाढलीत कवाचीच,” आतून वहिनी म्हणाल्या, “पण तिसरं कोणाचं?”