कै. ब्रॉयलरबाईंना अनावृत पत्र

कै. ब्रॉयलरबाई,
मु. पो. आर्कान्सा, अमेरिका
(सध्याचा मुक्काम वैकुंठ, मार्गे पश्चिम जर्मनी)

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, मला एक म्हातारा पिकअप घ्यायचा आहे आणि तो परवडत नाही. याला जबाबदार तुम्ही आहात, असं जाणकार सांगतात.

इथे ओहायोत घरामागच्या तुकड्यात मी मेथी, अळू आणि दुधी लावतो. त्यांना तबेल्यातलं खत लागतं. ते आणायला दोन माणसांची केबिन, मागे लांब हौदा आणि हाताने फिरवून काच खाली करायची मूठ, एवढं असलेलं वाहन पुरे. टोयोटा, डॅटसन, माझदा या मंडळींनी 1970 आणि 80 च्या दशकांत असले पिकअप इथे भरपूर विकले. आज तसा नवा कोणी विकत नाही. जुना बघावा, तर इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात, त्याने बहुतेकांचे पत्रे खाल्ले. त्यातून वाचलेला, चारही चाकांना ताकद असलेला चाळीस वर्षांचा टोयोटा जरा धड असला की मालक वीस-तीस हजार डॉलर सांगतो. तरुणपणी हाच गडी त्याच्या तिसऱ्या हिश्शात शोरूममधून कोरा मिळत होता. गाडी जितकी गंजते तितकी महागते. सोन्यालाही हे जमलेलं नाही. त्याला मुळात गंजच चढत नाही.

तर बाई, तुमचा गुन्हा एका वाक्यात मांडतो. तुम्ही स्वस्त होतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत कोंबडी परसातून उठून कारखान्यात गेली. रविवारची चैन रोजच्या जेवणात आली. इथे खाऊन उरलेल्या तुम्ही बर्फात गोठून, बोटीत बसून युरोपला निघालात आणि पश्चिम जर्मनीच्या ताटात जाऊन पडलात. तिथल्या गृहिणी खूश झाल्या, कोंबडीवाले हवालदिल झाले, आणि तुमच्या चारित्र्यावर शिंतोडे उडायला सुरुवात झाली. डच म्हणाले, तुम्ही खर्चाहून कमी भावात विकल्या जाता. जर्मन शेतकरी संघटना म्हणाल्या, तुम्हाला आर्सेनिक चारून फुगवलंय. फ्रान्सला तर तुमच्यातल्या संप्रेरकांमुळे आपल्या पुरुषांच्या पौरुषाची काळजी लागली. नेपोलियनच्या देशाला इतकी धडकी भरवणारी दुसरी कोंबडी झाली नाही.

1962 मध्ये युरोपच्या सामाईक बाजारपेठेने तुमच्यावरची जकात चढवली. आर्कान्साचे सिनेटर फुलब्राइट यांनी नाटोच्या अण्वस्त्रांवर चाललेल्या चर्चेत मध्येच उठून तुमचा विषय काढला. केनेडींशी दोन वर्षं झालेल्या पत्रव्यवहारातला निम्मा तुमच्याबद्दलच असावा, असं जर्मन चान्सलर आडेनाउअर यांनी सांगितल्याचं तेव्हा छापून आलं. बर्लिनची भिंत नुकतीच उभी राहिली होती, क्युबात क्षेपणास्त्रं येऊन गेली होती, आणि पाश्चात्त्य जगाचे दोन धुरीण कोंबडीचा भाव करत होते.

घासाघीस फसली. गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या पंचांनी अमेरिकेचं नुकसान 2 कोटी 60 लाख डॉलर ठरवलं. 4 डिसेंबर 1963 रोजी, केनेडींच्या हत्येला दोन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, अध्यक्ष जॉन्सन यांनी वचपा काढणारा हुकूम काढला. बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक (पिकअप त्यांतच मोडतात) यांच्यावर जादा जकात बसली. ट्रकवर चांगली 25 टक्के. स्टार्च मी समजू शकतो, रस्सा दाट होतो. ब्रँडी तर समजावूनही सांगायला नको. पण कोंबडीच्या पंगतीत ट्रक कुठून येऊन बसला?

तो बसला नाही, त्याला आणून बसवलं. फोक्सवॅगनचे गोंडस ट्रक आणि व्हॅन अमेरिकेत खपू लागले होते. मोटार कामगार संघटनेचे वॉल्टर रूथर त्यामुळे अस्वस्थ होते. 1964 ची निवडणूक तोंडावर होती आणि जॉन्सन यांना संप नको होता. व्हाइट हाउसमधल्या संभाषणांच्या ध्वनिफिती पुढे बाहेर आल्या, तेव्हा ‘संप नको, बदल्यात ट्रकवर जकात’ हा सौदा कळला. 1964 मध्ये पश्चिम जर्मनीतून आलेल्या ट्रकांची किंमत आदल्या वर्षाच्या साधारण एक तृतीयांशावर घसरली. काम फत्ते. पाटी मात्र तुमच्या गळ्यात: आजही सगळे या जकातीला ‘चिकन टॅक्स’ म्हणतात. रूथर टॅक्स म्हणायची कोणाची प्राज्ञा नाही.

इतर जिनसांवरची जादा जकात कालांतराने उठली. ट्रकवरची साठ वर्षं ओलांडून बसली आहे. साध्या मोटारीवर पुढे अडीच टक्के उरले, ट्रकवर त्याच्या दहापट.

मग शहाण्यांनी पळवाटा शोधल्या. शेवरोलेचा ‘लव्ह’ बनवायची जपानची इसुझू, फोर्डचा ‘कुरिअर’ बनवायची माझदा. ही मंडळी हौद्याशिवाय, नुसती केबिन आणि सांगाडा म्हणून बंदरावर उतरायची आणि किरकोळ जकात भरायची. धक्क्याबाहेर पडल्यावर हौदा बसला की झाला ट्रक. 1980 मध्ये ही वाट बुजवली. सुबारूने ‘ब्रॅट’च्या हौद्यात मागे तोंड करून दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठोकल्या आणि सांगितलं, हा ट्रक नव्हे, ही प्रवासी गाडी. एक ‘ब्रॅट’ रोनाल्ड रेगन यांच्याही रँचवर होती. खुल्या व्यापाराची व्याख्यानं त्यांनी तीत बसून दिली नाहीत, एवढंच.

सर्वांत धन्य फोर्ड. ज्या जकातीच्या भिंतीआड ही कंपनी गबर झाली, तीच पुढे भिंतीवरून उडी मारताना सापडली. तुर्कस्तानात बनलेल्या ‘ट्रान्झिट कनेक्ट’ व्हॅन मागच्या बाकांसकट बाल्टिमोरला उतरायच्या, प्रवासी गाडीची जकात भरायच्या, आणि लगेच बाकं उपटून मालवाहू व्हायच्या. सरकारने हे नाटक ओळखलं, खटला वर्षानुवर्षं चालला आणि 2024 मध्ये फोर्डने साडेछत्तीस कोटी डॉलर भरून तो मिटवला. बाई, तुमच्या नावाने एवढा दंड भरला गेला. तुमच्या पिलांना त्यातला दाणासुद्धा मिळाला नसेल.

भिंतीआड मग काय झालं ते सांगतो. बाहेरची स्पर्धा अडली, आणि पिकअप हा अमेरिकी कंपन्यांचा हमखास नफ्याचा धंदा झाला. त्यावर इंधन-बचतीच्या नियमांनी वरताण केली. कायदा 1975 चा, हेतू उदात्त. पुढे नियम आला की चार चाकांमधल्या चौकोनाचं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितकं मायलेजचं लक्ष्य सैल. परीक्षेत जाड पोराला कमी गुण चालतील असं ठरवल्यावर पोरं काय करतील? पिकअप सुजले. केबिन दोन दारांची होती ती चार दारांची झाली, तिच्यापायी हौदा आखडला. नाक इतकं उंच झालं की समोर उभं असलेलं लहान मूल दिसत नाही. फोर्डने आपला छोटा ‘रेंजर’ 2011 मध्ये बंद केला. कित्येक वर्षांनी तो परत आला तेव्हा अंगाने भरलेला होता. सडसडीत, कामाचा पिकअप इथल्या बाजारातून असा नाहीसा झाला, आणि जे नाहीसं होतं त्याचा लिलाव होतो.

आता त्या लिलावातल्या रसिकांकडे वळतो. 1985 च्या ‘बॅक टू द फ्यूचर’ चित्रपटात नायक ज्या गाडीसाठी झुरतो, ती म्हणजे काळा टोयोटा पिकअप. तेव्हा काळोखात बसून उसासे टाकणारी पोरं आता पन्नाशी ओलांडून हातात पैसा खेळवतायत. त्यांच्याहून थोरांना 1967 ते 72 मधला शेवरोले ‘सी-टेन’ किंवा फोर्डचा ‘एफ-100’ हवा असतो, कारण आजोबांकडे होता. आजोबांनी त्यात कडबा, डुकरं आणि सिमेंट वाहिलं. नातू त्याला गरम-थंड हवेच्या गॅरेजात ठेवतो आणि हौद्यात लाकडाला पॉलिश करून घेतो. गंज पुसायचा नाही, त्यावर पारदर्शक लेप द्यायचा, असा शिरस्ता आहे. ज्याच्या नशिबी अस्सल गंज नाही, तो रंगाऱ्याकडून गंज रंगवून घेतो. दारावर कधीच नसलेल्या एखाद्या दाणेवाल्याचं नाव, तेही अर्धवट उडालेल्या अक्षरांत, पैसे मोजून लिहून घेतो. उन्हातान्हात राबणारा दुसराच. सुरकुत्या मात्र याच्या मालकीच्या.

अशाच एका मालकाला मी विचारलं, यात खत आणता येईल का? त्या गृहस्थांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पैठणीने ओटा पुसायला निघालोय.

यावर कोणी म्हणेल, आठवणींना भाव येणारच. येऊ दे. पण जुन्या वस्तूचा नवा भाऊ दुकानात उभा असला की भाव जमिनीवर राहतो. ज्याला फक्त काम करायचंय तो नवा घेतो, जुना शौकिनाला सोडतो. इथे कामकरी आणि शौकीन एकाच म्हाताऱ्या ट्रकासमोर उभे आहेत आणि बोली शौकिनाच्या खिशाने लागते आहे. लोकांना छोटा पिकअप नकोच, हे कंपन्यांचं लाडकं वाक्य. ते किती खरं, ते 2021 मध्ये दिसलं. फोर्डने ‘मॅव्हरिक’ आणला, मूळ किंमत 19,995 डॉलर. बनतो मेक्सिकोत, म्हणून तुमच्या जकातीच्या तावडीत सापडत नाही. लोकांनी अशा उड्या टाकल्या की काही महिन्यांत त्याच्या हायब्रिडची नोंदणी थांबवावी लागली. मग किंमत वर चढत गेली. त्यालाही दारं चार आणि हौदा साडेचार फुटांचाच.

आमच्या महिंद्रानेही एक प्रयत्न करून पाहिला. स्कॉर्पिओच्या घराण्यातला डिझेल पिकअप अमेरिकेत आणायचा बेत होता, आणि तुमची जकात चुकवण्यासाठी सुटे भाग आणून इथेच जोडणी करण्याचा विचारही. विक्रेते गोळा झाले, पर्यावरण खात्याचं प्रमाणपत्र आलं, आणि 2010 मध्ये महिंद्रा आणि इथला वितरक कोर्टात भेटले. पिकअप आलाच नाही. पुढे 2018 मध्ये महिंद्राचा ‘रॉक्सर’ आला, तो रस्त्यावर चालवायच्या परवान्याशिवाय. त्याचं तोंड जीपसारखं दिसतं म्हणून जीपवाल्यांनी दावा ठोकला. विलीसच्या जीपा जुळवत मोठी झालेली कंपनी जीपसारखी दिसते, ही केवढी धक्कादायक बाब!

उरला जपानचा केई ट्रक. 660 सीसीचं इंजिन, लांबी 3.4 मीटर, आपल्या मारुती ओम्नीचा चुलत भाऊ. हौदा मात्र इथल्या अनेक राक्षसी पिकअपपेक्षा लांब. पंचवीस वर्षं जुना झाला की इथे आणता येतो. आधी आणला तर अमेरिकेच्या सुरक्षेला धोका, वयात आला की निर्धोक. त्यावरही 25 टक्के भरायचे, कारण तोही कायद्याने ट्रक. काही राज्यं तर पैसे भरूनही त्याची नोंदणी करत नाहीत; बाजूने जाणारा तीन टनांचा पिकअप त्याला चिरडेल म्हणून. दोष चिरडला जाणाऱ्याचा. हे सूत्र तुमच्या ओळखीचं असेल.

चोर सोडून संन्याशाला सुळी, हे मलाही दिसतं. या सबंध व्यवहारात ज्याच्या पदरात काहीच पडलं नाही असा पक्ष एकच, तुमचा. संघटनेला संरक्षण मिळालं, अध्यक्षांना निवडणूक मिळाली, कंपन्यांना नफा मिळाला, वकिलांना फी मिळाली, शौकिनांना गंज मिळाला. तरीही माझी फिर्याद तुमच्यावरच राहील. बाकीच्या आरोपींपाशी वकील आहेत, वॉशिंग्टनमध्ये कचेऱ्या आहेत, दर चार वर्षांनी हात जोडून येणारे उमेदवार आहेत. त्यांच्यावर बोट ठेवायचं तर कायदा बदलायची मागणी करावी लागेल. तुम्हाला दोष देणं सोयीचं आहे, आणि या देशात गेली साठ वर्षं तेच केलं जातंय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खताविना अडलेला एक मेथीवाला