चार फुटी न्हाणीघरातील जलविहार

राष्ट्रकूटांच्या वैभवकाळाची साक्ष म्हणून ज्या कंधारास जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव लाभला आणि ज्याच्या भुईकोटाभोवती आजही खंदकाचे कडे आहे, त्याच गावी चार फूट रुंद व पाच फूट लांब अशा आमच्या न्हाणीघरात शॉवर बसवण्याची दरख्वास्त जेव्हा घरातील कनिष्ठ पिढीने दाखल केली, तेव्हा जलविलासाची परंपरा अद्याप खंडित झालेली नाही, अशी माझी खात्री पटली.

नकाशा रीतसर तयार झाला. शॉवर समोरच्या भिंतीस लावावा तर शिंतोडे दारावर, बाजूस लावावा तर कमोडवर, आणि कोपऱ्यात लावावा तर स्नान करणाऱ्याचे कोपर खुंटीवर! फरशीचा उतार जाळीकडे असावा, हे गवंड्यास तत्त्वतः मान्य होते. जाळी कोठे असावी, एवढाच वाद शिल्लक राहिला. टाकी शॉवरच्या माथ्यापासून जेमतेम हातभर उंच असल्याने धारेऐवजी अश्रुपातच संभवतो, असा शेरा प्लंबरने मारला.

शेजारच्या लातुरास १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून रेल्वेने सुमारे पाच लाख लिटर पाणी आले, हे स्मरत असूनही आम्ही दरख्वास्त मंजूर केली.

शॉवर बसला. तूर्त त्याच्या मानेवर पंचा वाळतो, आणि खाली निळ्या पिंपातून तांब्याने यथासांग स्नान होते. सबब, नकाशा काढणाऱ्याने आधी पिंपाची जागा राखून ठेवावी.