पिल्लू नाही का?

सोलापूरकराला कुत्रा हवा असतो तो ओंजळीत मावणारा, केसाळ आणि शक्यतो बर्फाळ देशातला. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे सरकतो, तेव्हा हस्की एसीत आणि मालक गच्चीवर. पुढे पिल्लू वाढतं. (घरच्यांना हा विश्वासघात वाटतो.) मग एके रात्री ते ‘फार्महाऊसला’ जातं. फार्महाऊस म्हणजे महामार्गाची कड.

तिथून कुणी खुळा प्राणिमित्र त्याला उचलून आपल्या दोन खोल्यांत आणतो. तात्पुरतं म्हणून. महिन्याभरात लसी, नसबंदी होते. फटाक्यांना घाबरतं, मांजराला त्याहून जास्त, हेही कळतं. एवढी माहिती तर जावयाबद्दलही मिळत नाही! तरी चौकशीला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला: पिल्लू नाही का? दुसरा: ब्रीड कुठली? शेजारच्या मुधोळचा हाउंड लष्करात गेला, तरी गावठीपणाचा डाग काही पुसत नाही.

कुणी घ्यायला तयार झालाच, तर सोसायटीची सभा बसते. बहुमतानेही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, आकारावरूनही अडवता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 सालीच कळवलंय. पण तो कागद कोण वाचतो? अध्यक्ष दर गुरुवारी अक्कलकोटला जातात. त्यांच्या दिवाणखान्यात दत्ताची मोठी तसबीर आहे. पायाशी चार कुत्री, चारही पुरती वाढलेली. मात्र ती लिफ्ट वापरत नाहीत.