अंडर डेव्हिएशन

चाकणला जाणाऱ्या प्रत्येक कंपनीच्या बसमध्ये खिडकीजवळची एक जागा कुणीही न सांगता राखीव असते. आमच्या बसमध्ये ती गहुंजेकरांची. हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव गेटपासवर आहे आणि तेवढ्यापुरतंच आहे. एप्रिल २०१२ मध्ये गहुंजेचं स्टेडियम सुरू झालं तेव्हा यांनी अख्ख्या बसला पेढे वाटले, आणि तेव्हापासून टाइम ऑफिसचा क्लार्कसुद्धा त्यांना गहुंजेकर म्हणतो. पेढे वाटायची वेळ पुन्हा आली नाही.

पुण्यातल्या माणसाला गहुंजे म्हणजे मुंबईच्या वाटेवरचं काहीतरी. मॅच बघायची तर डबा बांधून निघायचं. आम्हा निगडीकरांना मात्र देहूरोड ओलांडलं की आलंच. ‘पुण्यात कुठे?’ ‘पिंपरीत.’ ‘मग पुण्यात नाही म्हणा की!’ हा संवाद आयुष्यभर ऐकलेल्या माणसाच्या दारात पुण्याची आयपीएल टीम, पुणे वॉरियर्स, येऊन उभी राहिली होती. आता पुणेकरांनी आमच्याकडे यायचं! गहुंजेकरांना त्या टीमकडून एवढाच नफा झाला. पुढचा सगळा तोटा त्यांनी त्यातून भरून काढला.

धंद्याने ते क्वालिटी इन्स्पेक्टर. वीस मायक्रॉन जास्त असलेला शाफ्ट ते लाल बिनमध्ये टाकतात आणि सेटरने कितीही गयावया केली तरी बाहेर काढत नाहीत. ‘आज वीस सोडले, उद्या दोनशे सोडाल,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. असा माणूस पुणे वॉरियर्सच्या प्रेमात कसा पडला, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. वॉरियर्स तीन वर्षं खेळले. २०११ ला चार सामने जिंकले, २०१२ ला चार, २०१३ ला चार. एकूण ४६ पैकी १२. कॅन्टीनमध्ये कुणी हे आकडे काढले की सगळे हसायचे, फक्त गहुंजेकर गंभीर. ‘दर वर्षी बरोबर चार. व्हेरिएशन शून्य. प्रोसेस स्टेबल आहे हो,’ ते म्हणायचे, ‘केपेबल नाही, एवढंच.’

त्यांच्याकडे एक जुनं इन्स्पेक्शन रजिस्टर आहे. भंगारात जाणार होतं, ते त्यांनी घरी नेलं. त्यात प्रत्येक मॅचची नोंद आहे: तारीख, समोरचा संघ, दोष, मूळ कारण, उपाय, शेरा. २०१२ मध्ये गांगुलीची टीम शेवटचे नऊ सामने ओळीने हरली, त्या पानांवर ‘मूळ कारण’ हा रकाना सुरुवातीला खचाखच भरलेला आहे. मग अक्षर विरळ होत जातं. नवव्या पराभवापुढे नुसतं ‘वरीलप्रमाणे’. पुढच्या साली मॅथ्यूज, टेलर, फिंच असे कप्तान बदलले, तिथे शेरा: ‘मशीन तेच, ऑपरेटर बदलून काय होणार.’

२३ एप्रिल २०१३ चं पान मी पाहिलं आहे. तो दिवस मला नीट आठवतो, कारण आम्ही दोघं सेकंड शिफ्टला होतो आणि बंगळुरूची मॅच चार वाजताची होती. चहाच्या सुट्टीत त्यांच्या मुलाचा एसेमेस आला: ‘गेल १००.’ गहुंजेकरांनी ‘गेला’ वाचलं. घाईत चष्मा मशीनवर राहिला होता. सुटकेचा श्वास सोडून त्यांनी उत्तर धाडलं, ‘शंभरात गेला, चालतंय.’ कपातला चहा संपायच्या आत दुसरा मेसेज: ‘बाबा, गेल गेला नाही.’

गेल त्या दिवशी गेलाच नाही. ६६ चेंडूंत नाबाद १७५, सतरा षटकार, शंभर तर तीसच चेंडूंत. बंगळुरूच्या २६३ झाल्या, आपले १३० धावांनी हरले. त्या रात्री इन्स्पेक्शन टेबलावर आलेला एकही लॉट पास झाला नाही. सेटर म्हणाला, ‘काका, त्याचा राग माझ्या शाफ्टवर का?’ गहुंजेकरांनी मायक्रोमीटर त्याच्या पुढ्यात सरकवला आणि म्हणाले, ‘तूच मोज.’ मोजलं तर खरंच जास्त होतं. एवढं मात्र कबूल करायला हवं, की हा माणूस कितीही चिडला तरी खोटं माप लिहीत नाही.

गंमत पुढेच आहे. तो २६३ चा आकडा आयपीएलमधला सर्वोच्च म्हणून २०२४ पर्यंत टिकला. हैदराबादने २७७ केल्या, त्या दिवशी गहुंजेकरांचा चेहरा पडला. ‘आपल्या नावावर एकच रेकॉर्ड होतं,’ म्हणाले, ‘तेही गेलं.’

मे २०१३ मध्ये फ्रँचायझी फीच्या वादावरून मालकांनी अंग काढून घेतलं आणि टीमच बंद झाली. लोकांना वाटलं, सुटला बिचारा. पण मॉडेल बंद पडलं म्हणून गाडीवाल्याची तक्रार बंद होते का? उलट तेव्हापासून तिला धार आली, कारण समोर उत्तर द्यायला कुणीच उरलं नाही.

२०१६ ला नवी टीम आली, सुपरजायंट्स, धोनीसकट. दोन वर्षांच्या बोलीवर. ‘म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर,’ गहुंजेकर म्हणाले. चाकणमध्ये हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. त्या वर्षी दुष्काळ होता, एप्रिलनंतरचे सामने हायकोर्टाने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले आणि आमच्या टीमची बदली थेट विशाखापट्टणमला झाली. नंबर आला सातवा. पुढच्या वर्षी कप्तान स्मिथ, आणि नावातला शेवटचा ‘स’ काढून नुसतं सुपरजायंट. यावर सगळा महाराष्ट्र हसला; गहुंजेकर नाही. ‘फाईव्ह एसमधला पहिला एस काय सांगतो? नको ते काढून टाका. काढलं.’ आणि खरंच, टीम दुसऱ्या नंबरावर जाऊन फायनलला पोचली! समोर मुंबई, जिला त्या हंगामात तीनदा हरवलेलं. शेवटच्या चेंडूला चार हव्या होत्या. दोन निघाल्या, तिसरीला धावचीत. १२९ ला १२८.

मग कॉन्ट्रॅक्ट संपलं. २०१८ ला कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नईची टीम गहुंज्यात खेळायला आली. तिचे पाठीराखे खास रेल्वे करून आले, आणि त्याच वर्षी त्यांनी कप नेला. आपल्या पोराची दहावी तीनदा राहावी आणि भाडेकरूच्या पोराने बोर्डात यावं, तसा चेहरा करून गहुंजेकर महिनाभर खिडकीबाहेर बघत होते. २०२४ ला पुणेरी पलटण कबड्डीत चॅम्पियन झाली, तेव्हा आम्ही म्हटलं, आता बालेवाडी धरा. त्यांना ते पटेना. ‘चालू मशीनला इन्स्पेक्टर कशाला?’

परवा बसमध्ये एका ट्रेनीने विचारलं, ‘काका, पुण्याची आयपीएल टीम होती?’ मी दचकलो. गहुंजेकरांनी शांतपणे डब्याच्या पिशवीतून रजिस्टर काढलं आणि २१ मे २०१७ चं पान उघडून त्याच्या मांडीवर ठेवलं. दोष: एक रन कमी. शेरा, लाल शाईत: ‘टॉलरन्सच्या जवळ. अंडर डेव्हिएशन पास करता येईल.’ त्याखाली, अशी सूट द्यायला लागते तो ‘ग्राहकाची सही’ हा रकाना कोरा.

‘अहो, ग्राहक तुम्हीच की,’ मी म्हटलं. ‘करून टाका सही. सुटाल एकदाचे.’

त्यांनी खिशातलं पेन काढलं. टोपण उघडलं. बस तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये थांबलेली, म्हणजे हात हलण्याचंही निमित्त नव्हतं. मग टोपण परत लावलं.

‘नको. आज एक रन सोडली,’ ते म्हणाले, ‘तर उद्या एकशे तीस सोडाल.’